शिरा तळाला का लागतो, आणि त्यावर पीएच.डी. का होते

आमच्या घरच्या एका मुंजीत मावशीने साठ माणसांचा शिरा स्वतःच करायचा हट्ट धरला. चौघांचा शिरा ती गप्पा मारता मारता करते, हात प्रमाणावर बसलेला. त्यामुळे हिशोब सरळ होता: रवा पंधरापट, तूप पंधरापट, साखर पंधरापट. भाड्याने मोठं पातेलं आणलं, शेगडी पेटवली, आणि थोड्याच वेळात तळाचा रवा काळा पडला, वरचा कच्चाच राहिला, पाणी ओतल्यावर लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या. शेवटी जिलबी मागवली. मावशी अजून म्हणते, रवा जुना होता.

रवा चांगला होता आणि प्रमाणही बरोबर होतं. पण भांडं मोठं झालं की त्यातल्या सगळ्या गोष्टी सारख्या पटीत वाढत नाहीत. काही पुढे पळतात, काही मागे राहतात. मागे काय राहतं, किती राहतं आणि त्यावर उपाय काय, यावर जगभरच्या विद्यापीठांतले केमिकल इंजिनिअरिंग विभाग शंभर वर्षं डोकं खपवतायत. ‘केमिकल इंजिनिअर म्हणजे केमिस्टच ना?’ या प्रश्नाला उत्तर देता देता माझ्या ओळखीतले दोघं-तिघं म्हातारे व्हायला आले, म्हणून एकदा सांगून टाकतो. कशापासून काय तयार होतं, हे केमिस्ट शोधतो. तेच पाच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये, म्हणजे रसायन बनवायच्या टाकीत, रोज, तीन शिफ्टमध्ये, कुणाला इजा न होता कसं तयार होईल, ही केमिकल इंजिनिअरची डोकेदुखी.

सुरुवात उष्णतेपासून करू, कारण ती सगळ्यात सोपी आहे. दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोनी डबा घ्या. त्यात बरोबर एक लिटर मावतं आणि सहा बाजूंचं क्षेत्रफळ मिळून ६०० चौरस सेंटिमीटर होतं. आता दोन मीटर बाजूची टाकी घ्या. तिच्यात ८००० लिटर मावतं, पण क्षेत्रफळ फक्त २४ चौरस मीटर. भागाकार केला तर लिटरमागे ३० चौरस सेंटिमीटर. म्हणजे छोट्या डब्यात प्रत्येक लिटरच्या वाट्याला जेवढी भिंत येत होती, तिच्या विसाव्या हिश्श्यावर मोठ्या टाकीत भागवायचं. उष्णता आत येते किंवा बाहेर जाते ती भिंतीतून. मावशीच्या पातेल्यात ती आत शिरत होती, म्हणून तळ करपला. रसायनांच्या कारखान्यात बहुतेकदा उलट असतं. रिॲक्शन स्वतःच तापते आणि ती उष्णता बाहेर काढायची असते. काचेच्या फ्लास्कला बर्फाच्या तसराळ्यात ठेवलं की भागतं. मोठ्या रिॲक्टरला भोवती जॅकेट असतं, त्यातून गार पाणी किंवा ब्राइन, म्हणजे मिठाचं गार पाणी, फिरवतात, तरी पोटातली गरमी भिंतीपर्यंत पोचता पोचत नाही. त्यातून बहुतेक रिॲक्शनचा स्वभाव असा की तापलं की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी तापतं. हे चक्र एकदा सुटलं की त्याला ‘रनअवे’ म्हणतात.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीज नावाच्या छोट्या कारखान्यात हेच झालं. पेट्रोलमध्ये मिसळायचं मँगनीजचं एक संयुग तिथे बनत असे. कारखाना काढणारे दोघे होते, एक केमिस्ट आणि एक केमिकल इंजिनिअर. एक लिटरच्या भांड्यात त्यांनी शंभरावर चाचण्या केल्या होत्या. पण मोठ्या रिॲक्टरच्या गार पाण्याची सोय एकाच वाटेने होती आणि त्या दिवशी ती चालली नाही. चार माणसं गेली. चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने जी शिफारस केली, ती मला त्या सगळ्या अहवालात महत्त्वाची वाटते: केमिकल इंजिनिअरिंगच्या पदवीच्या अभ्यासक्रमातच असे धोके शिकवा. शिकलेल्या माणसालाही हे माहीत नव्हतं, कारण त्याला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट ढवळण्याची. चहात साखर ढवळायला तीन-चार सेकंद लागतात. आता भांडं प्रत्येक बाजूने दहापट मोठं करा, म्हणजे आकारमान हजारपट. तेवढ्याच सेकंदांत सगळं सारखं मिसळायचं असेल, तर ढवळणारा पंखा तेवढ्याच फेऱ्यांनी फिरवावा लागतो. पण तसा फिरवला तर लागणारी शक्ती एक लाखपट होते. हजारपट मालाला लाखपट वीज, म्हणजे लिटरमागे शंभरपट. एवढी मोटर कुणी बसवत नाही. त्यामुळे मोठ्या टाकीत ढवळणं नेहमीच सावकाश होतं. वरून ॲसिड सोडलं तर ते पडलेल्या जागी थोडा वेळ तसंच घट्ट राहतं, आणि तेवढ्यात तिथे नको ती दुसरी रिॲक्शन होऊन बसते. ‘लॅबमध्ये नव्वद टक्के यील्ड (म्हणजे हाती येणारा माल) येत होतं हो’ हे वाक्य लोटे, तारापूर, महाड, कुरकुंभ यातल्या कुठल्याही एमआयडीसीत ऐकायला मिळेल. त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

टाकीत कुठला कोपरा ढवळल्याविना राहतो, हे बघायची एक देखणी रीत विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत आहे. आरपार दिसणारी ॲक्रिलिकची टाकी घ्यायची, त्यात साधं पाणी, थोडं आयोडीन आणि स्टार्च. पाणी शाईसारखं गर्द निळं होतं. पंखा सुरू करून वरून हायपो सोडायचा, फोटोवाले वापरायचे तोच. हायपो पोचतो तिथला रंग उडतो. आधी पंख्याभोवतीचं पाणी स्वच्छ होतं, मग वरचं, आणि शेवटी तळाच्या कडेला किंवा दांड्यापाशी निळ्या रंगाचा एक लोंबता पुंजका उरतो, हलता हलत नाही. तीच मेलेली जागा. घड्याळ लावून तो पुंजका जाईपर्यंतचा वेळ मोजतात. लाखो रुपयांच्या यंत्रांशेजारी हा प्रयोग आजही केला जातो, कारण डोळ्यांना दिसलेली गोष्ट माणूस विसरत नाही.

आता खरा अवघड भाग. उष्णता आणि ढवळणं यांचा हिशोब कसाबसा बसतो. पण द्रवात वायू विरघळवायचा असेल तेव्हा काय होतं, हे समजायला कितीतरी वर्षं लागली. त्याची गोष्ट पेनिसिलिनपासून सांगतो.

फ्लेमिंगने १९२८ साली पेनिसिलिन पाहिलं, हे शाळेत सगळे शिकतो. पुढची बारा वर्षं त्याचं औषध का झालं नाही, हे कुणी शिकवत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठात फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते शुद्ध करून दाखवलं आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलिसाला टोचलं. अंगभर पू झालेला तो माणूस चार-पाच दिवसांत उठून बसायला लागला. मग औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच दिलं, तेही संपलं. मार्चमध्ये तो गेला. औषध लागू पडत होतं, पण एका माणसापुरतंसुद्धा बनवता येत नव्हतं.

कारण बुरशीचा स्वभाव. पेनिसिलियम ही बुरशी आपल्या लिंबाच्या लोणच्यावर येते तशी, वरच्या थरावर येते. तिला हवा लागते आणि हवा वर असते. म्हणून ऑक्सफर्डमध्ये उथळ भांडी वापरायचे. हीटलीने दवाखान्यातल्या बेडपॅनच्या आकाराची खास मातीची भांडी करून घेतली होती. अशा शेकडो भांड्यांतून निघणारं औषध चिमूटभर. लाखो सैनिकांना पुरवायचं तर फुटबॉलच्या मैदानांएवढी भांडी मांडावी लागली असती. दुसरा मार्ग एकच: बुरशी खोल टाकीत बुडवायची आणि हवा तिच्यापर्यंत न्यायची. फ्लोरी आणि हीटली १९४१ च्या जुलैमध्ये अमेरिकेला गेले, आणि तिथल्या पियोरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत, विद्यापीठांत आणि औषध कंपन्यांत यावर काम सुरू झालं.

इथे थांबून एक हिशोब करू, कारण सगळी ग्यानबाची मेख यात आहे. साखर पाण्यात भरपूर विरघळते, लिटरमध्ये शेकडो ग्रॅम. बुरशीला एकदा साखर दिली की ती कितीतरी तास खात बसते. ऑक्सिजन मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आपल्याकडच्या उकाड्यात, साध्या हवेखालच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. दाट वाढलेली बुरशी लिटरमागे तासाला एक ग्रॅम ऑक्सिजन सहज खाते. म्हणजे पाण्यात साठलेला सगळा ऑक्सिजन अर्ध्या मिनिटात संपतो. साखरेचं कोठार आणि ऑक्सिजनची हातावर पोट असलेली मजुरी, अशी स्थिती. क्षणाक्षणाला नवा आणावा लागतो.

तो येतो कसा? बुडबुड्यातून. स्थिर पाण्यात ऑक्सिजनला आपला आपण एक सेंटिमीटर सरकायला साधारण सात तास लागतात. एक मिलिमीटरला चार मिनिटं. मिलिमीटरचा दहावा भाग असेल तर अडीच सेकंद. अंतर दहापट कमी झालं की वेळ शंभरपट कमी होतो. म्हणून बुडबुडे बारीक हवेत आणि सगळीकडे हवेत. एक लिटर हवा सहा मिलिमीटरच्या बुडबुड्यांत फोडली, तर त्या सगळ्यांचा पृष्ठभाग एक चौरस मीटर भरतो. तीन मिलिमीटरचे केले तर दोन चौरस मीटर. मिनरल वॉटरच्या बाटलीएवढ्या हवेतून चांगल्या मोठ्या चादरीएवढं दार उघडतं.

हे सगळं कागदावर ठीक. पण बुरशी वाढली की टाकीतला रस पातळ राहत नाही. धाग्यांचं जाळं होऊन तो पिठल्यासारखा दाटतो. पिठल्यात फुंकर मारून बघा, हवा एका बाजूने भसकन वर येते. त्यात फेस होतो, तो टाकीबाहेर येतो. आणि हवा आत सोडताना तिच्याबरोबर दुसरा एक जंतू जरी शिरला तरी सगळी बॅच नासते. गाळलेली निर्जंतुक हवा, तळाशी भोकांची नळी, दांड्यावर जोरात फिरणारी पाती, आणि जंतू आत जाऊ न देता दांडा फिरू देणारं सील, इतकं सगळं जुळवून पहिला व्यापारी कारखाना आखणाऱ्यांमध्ये मार्गारेट हचिन्सन या इंजिनिअर होत्या. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठातून १९३७ साली डॉक्टरेट झालेल्या, अमेरिकेत केमिकल इंजिनिअरिंगमध्ये ती मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फायझर कंपनीने एक जुना बर्फाचा कारखाना घेऊन त्यात १४ टाक्या बसवल्या, एकेक सुमारे २८,००० लिटरची. तो कारखाना १ मार्च १९४४ ला सुरू झाला. बेडपॅनपासून इथवर यायला तीन वर्षं लागली. फ्लेमिंगचं नाव रस्त्यांना दिलं जातं, हचिन्सनबाईंचं कुणाला माहीतही नसतं. त्यात मला तरी अन्याय वाटतो.

आपल्याकडे हेच तंत्र पिंपरीला आलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पिंपरीत रिक्षावाल्याला ‘एच. ए. कॉलनी’ म्हटलं की पुरतं. त्या नावामागे पिठल्यात हवा फुंकायचा हा सगळा खटाटोप आहे.

कारखाने चालू झाले, पण टाकीत नेमकं काय चाललंय हे कुणाला नीट कळलं नव्हतं. बुडबुड्यातून ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो कशा रीतीने? १९२३ सालचं उत्तर असं होतं की बुडबुड्याला चिकटून पाण्याचा एक पातळ, स्थिर थर असतो आणि त्यातून वायू झिरपतो. गणिताला सोयीचं होतं. पण ढवळून निघणाऱ्या टाकीत स्थिर थर टिकेल कसा?

हा प्रश्न ज्यांनी मुळापासून हातात घेतला ते पीटर डँक्वर्ट्स. माणूस विलक्षण. ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकलेला, १९४० मध्ये नौदलात शिरलेला, आणि लंडनवर पॅराशूटने टाकलेले जर्मन सुरुंग निकामी करायच्या कामावर लागलेला. जवळपास सलग ४८ तासांत त्यांनी १६ सुरुंग हाताळले. त्यासाठी जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. युद्धानंतर ते केमिकल इंजिनिअरिंगकडे वळले आणि पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाले.

त्यांचं १९५१ सालचं म्हणणं थोडक्यात असं. पृष्ठभागावर कायमचं कुणी बसलेलं नसतं. खालून भोवऱ्याबरोबर पाण्याचा एक कण वर येतो, क्षणभर बुडबुड्याला टेकतो, मिळेल तेवढा वायू घेतो आणि पुन्हा खाली जातो. त्याच्या जागी दुसरा. कोरडा पंचा पाण्यात धरला की पहिल्या क्षणी भराभर पाणी ओढतो, मग मंदावतो, तसंच इथे. नवा आलेला कण आधाशासारखा शोषतो आणि जुना होत गेला की त्याची भूक मंदावते. त्यामुळे पृष्ठभागावरचे कण जितक्या लवकर बदलत राहतील तितका वायू जास्त शिरेल. मात्र सरळ प्रमाणात नाही. अदलाबदल चौपट केली तर वेग दुप्पट होतो. कारखान्यातल्या माणसाला हे लगेच उपयोगी पडतं. पंखा किती वाढवला तर किती फायदा, आणि कुठून पुढे नुसती वीज जळणार, हे त्यातून कळतं.

डँक्वर्ट्सकडे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून एक विद्यार्थी गेला. जोधपूरला जन्मलेले, माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकलेले मनमोहन शर्मा. यूडीसीटी म्हणजे १९३३ मध्ये सुरू झालेला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग, आजची आयसीटी. माटुंग्यात तिला अजूनही पुष्कळ लोक यूडीसीटीच म्हणतात, मीही. केंब्रिजची पीएच.डी. घेऊन शर्मा १९६४ मध्ये परतले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याच संस्थेत प्राध्यापक झाले. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेचे फेलो निवडले गेले. तो मान मिळालेले ते पहिले भारतीय इंजिनिअर.

या मंडळींनी हातात घेतलेला एक प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर चतुराईचं आहे. उकळी फुटल्यासारखं पाणी बुडबुड्यांनी फेसाळलेलं, लाखो बुडबुडे, प्रत्येकाचा आकार वेगळा, त्यात काही फुटतायत, काही जुळतायत. या सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग किती? कॅमेऱ्याला कडेचे चार बुडबुडे दिसतात, मधलं काहीच दिसत नाही. आणि कारखान्यातली टाकी तर स्टीलची.

उत्तर समजायला दादर स्टेशन डोळ्यांसमोर आणा. लोकल थांबली. पूल तुंबलेला असेल तर प्लॅटफॉर्म भरतो, दारातली माणसं दारातच अडकतात, आणि मिनिटाला किती उतरले हे पुलाच्या रुंदीवर ठरतं. आता कल्पना करा की प्लॅटफॉर्मवर पाय टेकताक्षणी माणूस गायब होतो. मग अडथळा उरतो तो फक्त दारांचा. तुम्हाला गाडी दिसत नसली, तरी मिनिटाला किती माणसं उतरली हे मोजून दारं किती होती ते सांगता येईल. फक्त एका दारातून मिनिटाला किती उतरतात, हे एकदा वेगळं मोजून ठेवायला हवं.

रसायनशास्त्रात माणसं गायब करता येतात. पाण्यात सोडियम सल्फाइट घालायचं आणि किंचित कोबाल्ट. पाण्यात पाऊल टाकताच ऑक्सिजनला सल्फाइट गिळतं, त्याचं सल्फेट होतं. कोबाल्टचं प्रमाण कमी-जास्त करून गिळण्याचा वेग हवा तसा लावता येतो. तो पुरेसा जलद ठेवला की ढवळण्याचा जोर किती आहे याला महत्त्व उरत नाही, फक्त पृष्ठभाग किती आहे याला उरतं. मग एक काचेचं भांडं घ्यायचं, ज्यात बुडबुडे नाहीत. वर वायू, खाली द्रव, मधे आरशासारखा सपाट पृष्ठभाग, फुटपट्टीने मोजता येईल असा. समजा ५० चौरस सेंटिमीटर. त्यातून तासाला किती ऑक्सिजन जातो ते मोजायचं. हे झालं एक दार. मग तोच द्रव मोठ्या टाकीत भरून बुडबुडे सोडायचे आणि पुन्हा मोजायचं. तिथे ४०,००० पट ऑक्सिजन गेला, तर टाकीत बुडबुड्यांचा पृष्ठभाग २०० चौरस मीटर. एकही बुडबुडा न मोजता. लागतं काय? काचसामान, रसायनांच्या बरण्या आणि नमुन्यात सल्फाइट किती उरलं हे बघायला आयोडीनचं टायट्रेशन, जे बारावीचा विद्यार्थी करतो. परकीय चलन मिळणं मुश्किल होतं त्या काळात माटुंग्यातून या विषयावर जगाने वाचावं असं काम निघालं, यात या काचसामानाचा वाटा मोठा आहे.

शर्मांच्या हाताखाली तयार झालेल्यांत रघुनाथ माशेलकर होते. त्यांची पीएच.डी. यूडीसीटीतलीच. ज्येष्ठराज जोशीही होते, जे पुढे संस्थेचे संचालक झाले. जोशी आणि शर्मा यांनी १९७९ मध्ये उंच उभ्या नळकांड्यातल्या बुडबुड्यांचं एक चित्र मांडलं. अशा नळकांड्यात तळातून हवा सोडली की पाणी मधून वर जातं आणि कडेने खाली येतं, हे उघड्या डोळ्यांना दिसतं. पण वरपासून खालपर्यंत असं एकच मोठं चक्र नसतं. नळकांडं जेवढं रुंद, साधारण तेवढ्याच उंचीची फिरती चक्रं एकावर एक रचलेली असतात, जेवणाच्या डब्याच्या पुडांसारखी. पुडं धरून हिशोब केला की द्रव कुठे किती वेगाने फिरतो याचा अंदाज बांधता येतो.

पात्यांचीही एक गंमत आहे. हवा सोडायच्या टाकीत बरीच वर्षं एका ठरावीक घडणीचा पंखा चालायचा: आडवी चकती आणि तिच्या कडेला सहा उभी सपाट पाती. चकतीमुळे हवा दांड्याच्या कडेने निसटत नाही, पात्यांकडे जाते. पण हवा वाढवत गेलं की अचानक मोटर हलकी फिरायला लागायची आणि टाकीतली बुरशी गुदमरायची. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात १९७०च्या दशकात संशोधकांनी पात्यांमागे नीट बघितलं. प्रत्येक सपाट पात्याच्या पाठीमागे हवेची एक पोकळी तयार होऊन चिकटून बसत होती. हवा वाढली की पोकळी फुगायची आणि पातं पाण्याऐवजी हवेतच फिरायचं. मग पात्याचा आकार बदलला, पाईप उभा चिरून त्याचं अर्धं नळकांडं लावावं तसा. पोकळ बाजू फिरण्याच्या दिशेला. पाठीमागे चिकटायला हवेला जागाच राहिली नाही. आज अनेक मोठ्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे बुरशी किंवा जंतू वाढवायच्या टाक्यांमध्ये, अशीच वाकडी पाती असतात.

अलीकडे विद्यापीठांतल्या काही प्रयोगशाळांनी प्रश्नच उलटा केला आहे. भांडं मोठं करायचंच कशाला? एक मिलिमीटर व्यासाची लांब नळी घ्या, तिच्या एका टोकाने कच्चा माल ढकला, दुसऱ्या टोकाने तयार माल घ्या, दिवसरात्र. इतक्या बारीक नळीत लिटरमागे भिंत किती येते? ४०,००० चौरस सेंटिमीटर. आपल्या डब्यात ६०० होती, टाकीत ३०. उष्णता तयार झाली की लगेच बाहेर. मोठ्या रिॲक्टरमध्ये करायची भीती वाटावी अशा रिॲक्शनही त्यात करता येतात, कारण एका वेळी नळीत माल असतोच चार चमचे. माल जास्त हवा असेल तर नळ्या वाढवायच्या. याला फ्लो केमिस्ट्री म्हणतात. एमआयटीत यावर बरंच काम झालं, आपल्याकडे पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही चालतं.

अडचण एकच, पण हट्टी. पुष्कळ रिॲक्शनमध्ये बारीक खडे तयार होतात, मिठासारखे. फ्लास्कमध्ये ते तळाशी बसतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मिलिमीटरच्या नळीत एक खडा भिंतीला चिकटला की त्याला दुसरा चिकटतो. संशोधक नळीला अल्ट्रासाउंडचे हादरे देऊन बघतात, न मिसळणाऱ्या तेलाच्या प्रवाहात एकेक थेंब वेगळा पाठवून बघतात, म्हणजे खडे थेंबातच राहतील आणि भिंतीला शिवणार नाहीत. काही रसायनांना ते जमतं, काहींना नाही. आठ-दहा तास सगळं सुरळीत चालतं, आणि मग पहाटे तीनला प्रेशरचा काटा हळूहळू वर सरकायला लागतो. रात्रपाळीला बसलेला पीएच.डी.चा पोरगा उठतो, पंप बंद करतो, आणि नळी उतरवून कुठे तुंबली ते उजेडाकडे धरून बघतो.